क्लिपा लावल्यात? मग दात घासायचं परत शिकावं लागतंय

परवा रात्री साडेनऊला भाचीचा व्हिडिओ कॉल, उचलला तर स्क्रीनभर नुसतं उघडलेलं तोंड आणि मागनं आवाज, "आत्या बघ की, काय अडकलंय का रबरच हिरवं आहे?" दोन्ही होतं. दातावरच्या क्लिपेभोवती बारीक रबर लावतात ते हिरवं टाकलेलं आणि त्याच्या बरोबर खाली मेथीची भाजी बसलेली. पोरगी आठवीत आहे, सांगलीत विश्रामबागला राहतात ते, आठ दिवसांपूर्वी क्लिपा लावल्यात. पहिल्या दिवशी क्लिनिकमध्ये ब्रश कसा करायचा ते नीट दाखवलेलं म्हणे, पण तेव्हा हिचं सगळं लक्ष रबराचा रंग कुठला घ्यायचा ह्यात. मग मी फोनवर सांगत बसले आणि सांगता सांगता वाटलं हे एकदा लिहूनच टाकावं, दर दोन महिन्यांनी कोण ना कोण विचारतंच.

मी स्वतः सव्विसाव्या वर्षी क्लिपा लावल्या. "आता ह्या वयात?" हे किती जणींनी विचारलं त्याचा हिशोब ठेवला नाही, बाकी हिशोब ठेवायचाच माझा धंदा आहे. बावीस महिने घातल्या, काढून दोन वर्षं होतील आता. दात सरळ झाले, फोटोत तोंड मिटून हसायचं बंद झालं, सगळं छान. पण वरच्या डाव्या सुळ्यावर आणि त्याच्या शेजारच्या दातावर खडूनं गिरवल्यासारखे दोन पांढरे डाग आहेत, ते काय गेले नाहीत. लोक म्हणतात क्लिपांनी दात खराब होतात. माझे क्लिपांनी नाही, बेदाण्यानं झाले.

मी तासगावला बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात बसते. टेबलावर सॅम्पलची ताटली कायम, हिरवा, पिवळा, काळा, आणि सौद्याच्या दिवशी तर व्यापारी येणार, ताटली पुढं सरकवायची, त्यांनी दोन उचलले की आपण दोन उचलायचे. अख्ख्या दिवसात मूठभर पण होत नसतील. म्हणून मला वाटायचं मी तर गोड खातच नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा पिते मी. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी तार बदलायला काढली, दात पुसून कोरडा केला आणि आरसा हातात दिला. ब्रॅकेटच्या, म्हणजे दातावर चिकटवलेल्या त्या बारीक चौकटीच्या, कडेनं पांढरं रिंगण उठलेलं. "काय खाता मध्ये मध्ये?" म्हणून विचारलं तेव्हा मला पहिल्यांदा ताटली आठवली.

गोष्ट अशी आहे. सकाळी उठल्यावर दातावर जीभ फिरवली की जो बुळबुळीत थर लागतो ना, त्यात जंतू असतात, आपण गोड किंवा पिठाचं काही खाल्लं की ते त्यावर जगतात आणि ॲसिड सोडतात. तोंडाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा खाली तितकं जास्त आंबट) साधारण साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातनं कॅल्शियम सुटायला लागतं. नंतर लाळ हळूहळू सगळं पूर्वपदावर आणते, त्याला अर्धा तास ते तासभर लागतो. आता हिशोब करा. एकदाच बसून वाटीभर शिरा खाल्ला तर तासाभरात विषय संपला. मी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा दर वीस मिनिटांनी दोन दाणे टाकत होते, म्हणजे लाळेला बिचारीला काम करायला वेळच दिला नाही. आणि क्लिपा असल्या की अजून एक, ब्रॅकेटच्या कडेला, तारेच्या खाली, रबराच्या मागं त्या चिकट दाण्याचा तुकडा असा बसतो की जीभ पोचत नाही, लाळ पोचत नाही, साधा ब्रश पण पोचत नाही. असे पांढरे डाग पडायला महिना पण पुरतो. ब्रॅकेटखालचा दात चिकटवलेल्या मसाल्यानं झाकलेला असतो म्हणून तो चांगला राहतो, कडेचं झिजतं, आणि म्हणून क्लिपा काढल्यावर दातावर चौकटीची फोटोफ्रेम दिसते. काहींचे डाग नंतर फिके होतात, माझे झाले थोडे, पण पूर्ण नाही गेले.

तर किती गोड खाताय ह्यापेक्षा ते किती वेळा खाताय आणि किती वेळ तिथं बसतंय ते बघा. बाकी खाली जे सांगतेय ते सगळं ह्याच्यासाठीच चाललंय.

आधी सामान. फार लागत नाही. मऊ ब्रश, डोकं लहान असलेला, मिडियम-हार्ड अजिबात नको. ऑर्थो ब्रश म्हणून मिळतो त्यात मधल्या ओळीचे केस आखूड असतात म्हणजे तार त्या खाचेत बसते, चांगला आहे, पण नाही मिळाला तर काही अडत नाही. दुसरं म्हणजे इंटरडेंटल ब्रश, हे खरं कामाचं, बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू असावं असा दिसतो, तारेखाली घालायला. गावाकडच्या मेडिकलमध्ये विचारलं तर दुकानदार आपल्याकडं बघत बसतो, त्यामुळं क्लिनिकमधनंच साईझ विचारून घ्या, जोर न लावता आत जाईल असा पाहिजे. तिसरं फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा दोरा, चौथं टोचणाऱ्या तारेवर लावायचं मेण, ते बहुतेक क्लिनिकवालेच देतात, पाचवं फ्लोराईडवाली साधी टूथपेस्ट. पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात फ्लोराईडचं प्रमाण लिहिलेलं असतं, १००० पीपीएमच्या आसपास असलं की झालं. कोळशाची, दात पांढरे करायची, खरखरीत असली पेस्ट ह्या दोन वर्षांत नको, एक तर खरवडते आणि दुसरं म्हणजे ब्रॅकेटखालच्या भागाला लागणारच नाही. इलेक्ट्रिक ब्रश असेल तर चालतो, नसेल तर त्याच्यासाठी घरात भांडण काढू नका.

आता रात्रीचं. दिवसात तीन वेळा करा म्हणतात आणि ते बरोबरच आहे, पण शाळा, एसटी, ऑफिस ह्यात दुपारचं होत नाही हे मला माहितीय. म्हणून मी म्हणते रात्रीचं एक पक्कं धरा, ते कधीच चुकवायचं नाही, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जे काय अडकलंय ते सात-आठ तास तसंच राहतं. आणि जेवल्यावर लगेच उरका. अकरा वाजता डोळे मिटत असताना बेसिनसमोर उभं राहिलं की माणूस समोरचे सहा दात चोळतो आणि जाऊन पडतो, मी केलंय.

सुरवात चुळीनं. तोंडात पाणी घेऊन नुसतं फिरवायचं नाही, दाताच्या फटीतनं जोरात इकडनं तिकडं ढकलायचं, गाल दुखले पाहिजेत. तीन-चार चुळा. बेसिनमध्ये काय काय पडतं ते एकदा बघा, निम्मं जेवण निघतं. डॉक्टरांनी वरच्या दातापासून खालच्या दाताला अडकवायची लांब रबरं दिली असतील तर ती आधी काढून ठेवा.

मग फ्लॉस, कारण हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे आणि शेवटी ठेवला की होतच नाही. तारेमुळं दोरा वरनं खाली थेट जात नाही, तो तारेच्या मागनं घ्यावा लागतो. त्यासाठी प्लास्टिकची मोठ्या नाकाची सुई मिळते, थ्रेडर म्हणतात, नाहीतर सुपरफ्लॉस घ्या, त्याचं एक टोक कडकच असतं. गोधडी शिवताना सुई कशी खालनं वर काढतो तसं तारेखालनं टोक काढायचं, दोरा ओढून घ्यायचा, मग दोन दातांच्या फटीत हळू सरकवायचा आणि एका दाताला मिठी मारल्यासारखा वळवून खाली-वर, मग शेजारच्या दाताला तसंच. खटकन खाली दाबायचा नाही, हिरडी कापते. पहिल्या आठवड्यात मला पंचवीस मिनिटं लागायची आणि अर्ध्यात रडू यायचं. महिन्याभरात सात-आठ मिनिटांवर आलं. मोबाईलवर काहीतरी लावून ठेवा ऐकायला. अगदीच नाही जमत रोज तर एक दिवस वरचे एक दिवस खालचे करा, पण सोडू नका.

तिसरं ते पिल्लू ब्रश. तारेच्या खाली, एका ब्रॅकेटपासून पुढच्या ब्रॅकेटपर्यंत जी जागा आहे तिथं वरनं घालायचा, चार वेळा खाली-वर, मग खालनं घालायचा, परत चार वेळा. दोन्हीकडनं का, तर ब्रॅकेटची एक बाजू वरनं साफ होते आणि दुसरी खालनंच होते. पेस्ट लावायची गरज नाही. मध्ये मध्ये नळाखाली धरून झटकायचा. केस मोडले, तार वाकली की टाकून द्यायचा, आठवडाभर जातो एक.

आणि मग शेवटी मोठा ब्रश आणि पेस्ट, शेवटी का तर फ्लोराईड दातावर राहावं म्हणून. वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. तीन पट्ट्यांत घासायचं हे डोक्यात ठेवा. पहिली पट्टी हिरडीची, ब्रश तिरका हिरडीकडं, अर्धे केस हिरडीवर अर्धे दातावर, आणि जागच्या जागी बारीक बारीक थरथर, करवतीसारखं आडवं घासायचं नाही. दुसरी पट्टी ब्रॅकेट आणि हिरडीच्या मधली, तिसरी ब्रॅकेटच्या पलीकडची, म्हणजे वरच्या दातांना खालून वर आणि खालच्या दातांना वरून खाली ब्रश तिरका. मग आतली बाजू, जिकडं तार नसते म्हणून सगळे विसरतात, खालच्या समोरच्या दातांच्या मागं तर कीटण सगळ्यात लवकर धरतं, तिथं ब्रश उभा धरायचा. मग चावायची बाजू. दाढेला कडी बसवली असेल तर तिच्या मागं. दाढेपर्यंत ब्रश जात नाही अशी तक्रार असते, त्याला एक युक्ती आहे, तोंड पूर्ण उघडू नका, अर्धं मिटा, गाल सैल पडतो आणि ब्रश आरामात मागं सरकतो. मला हे दीड वर्षानं कळलं.

झाल्यावर फेस थुंकून टाका आणि पाण्यानं भराभरा चुळा भरू नका. हे आमच्या आईला कधीच पटलं नाही, "तोंडात साबण ठिवून झोपतीयास व्हय" म्हणायची. पण धुऊन टाकलं की फ्लोराईड पण गटारात जातं. थुंकायचं, लागलंच तर अगदी घोटभर पाणी, आणि मग काही खायचं नाही, दूध पण नाही.

तपासायचं कसं तर आरशात धातू चमकला पाहिजे आणि ब्रॅकेटच्या कडा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. कडा पुसट, दुधाळ दिसल्या की तिथं थर आहे. मोबाईलची टॉर्च लावून बघा, बाथरूमच्या बल्बमध्ये सगळंच स्वच्छ दिसतं.

भाचीला हे सगळं सांगितलं तर "मी करतेच की गं" हे उत्तर. मग रविवारी गेले आणि बरोबर रंगाची गोळी नेली. डॉक्टरांकडं किंवा मोठ्या मेडिकलमध्ये मिळते, चघळायची, अर्धा मिनिट तोंडात फिरवायची, थुंकून हलकी चूळ भरायची, जिथं थर आहे तिथं रंग धरतो. आधी ओठाला व्हॅसलीन लावा नाहीतर दिवसभर पान खाल्ल्यासारखं दिसाल, आणि जुना टॉवेल घ्या, वहिनीचा पांढरा नॅपकिन गेला त्यात. तिला आधी नेहमीसारखं ब्रश करायला लावलं, केलं तिनं, चांगलं खळखळून. मग गोळी. आरशात बघितलं आणि गप्पच झाली. समोरचे चार दात चकाचक. पण खालच्या दाढांना हिरडीच्या कडेनं जांभळी पट्टी, प्रत्येक ब्रॅकेटच्या खालच्या अंगाला जांभळी चंद्रकोर, आणि उजव्या बाजूचा वरचा सुळा तर पूर्ण जांभळा. ती उजव्या हातानं घासते, त्या सुळ्याच्या वळणावर मनगट फिरवावं लागतं, ती तिथनं उडी मारून थेट दाढेवर जात होती. मग पिल्लू ब्रश हातात दिला आणि म्हटलं आता जांभळं जाईपर्यंत घास. एकोणीस मिनिटं लागली, मी घड्याळ लावलेलं. माझी बडबड जे करू शकली नाही ते त्या गोळीनं केलं. पंधरा दिवसांतनं एकदा करा, पुरतं.

हिरडीतनं रक्त येतं त्याचं. सुरवातीला बहुतेकांना येतं आणि मग माणूस काय करतो, तिथं घासायचंच सोडतो, दुखतंय म्हणून. तिथंच उलट होतं. हिरडी लाल होऊन सुजते ती थर बसलाय म्हणूनच, न घासल्यानं थर वाढतो, अजून सुजते, अजून रक्त. मऊ ब्रशानं, हळू, पण त्याच जागेवर रोज घासायचं, आठवडा-दोन आठवड्यांत रक्त थांबतं. नाही थांबलं, किंवा पू आला, किंवा हिरडी वाढून ब्रॅकेटवर चढायला लागली तर डॉक्टरांना दाखवा, पुढच्या तारखेपर्यंत वाट बघू नका. कधी कधी ते क्लोरहेक्झिडीनचं माऊथवॉश देतात. ते आठवडा-दोन आठवड्यांचं औषध आहे, वर्षभर गुळण्या करायचं सरबत नाही, जास्त दिवस वापरलं की दातावर तपकिरी डाग धरतात, चहावाल्यांना तर जास्तच. आणि ब्रश केल्या केल्या घेऊ नका, मध्ये अर्धा तास जाऊ दे, पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यामुळं त्याचा असर कमी होतो.

आता खाणं, आणि आपल्या भागात राहून हे अवघड आहे, आधीच सांगते. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॉलीमागनं ऊस ओढायचा आणि दातानं सोलायचा ही लहानपणापासनंची सवय. क्लिपा असताना उसाचं कांडं तोंडात घातलं की ब्रॅकेट हातात आलं म्हणून समजा. रस प्या, एका दमात प्या, वर पाणी प्या. भडंग बंद करा असं मी सांगणार नाही कारण सांगलीत राहून कुणी ऐकणार नाही, पण चुरमुऱ्याचा चुरा आणि शेंगदाण्याचा भुगा तारेखाली सिमेंटसारखा बसतो, तेव्हा भडंग खाल्लं की चूळ आणि पिल्लू ब्रश, लगेच. हुरडा तसाच. मक्याचं कणीस दाणे सोडवून खा. पेरू, सफरचंद फोडी करून मागच्या दातांनी. मटणाचं हाड चोखायचं काही दिवस विसरा, मांस सोडवून घ्या. कडक भाकरीचा पापुद्रा मोडून आमटीत काला करा, तशी पण ती तशीच चांगली लागते. चिक्की आणि कडक तिळाची वडी नको, संक्रांतीला मऊ वडी करायला लावा घरी. बेदाणे, खजूर, चॉकलेट ही चिकट मंडळी सगळ्यात वाईट, खायचीच तर जेवणाबरोबर, मधल्या वेळेत नाही. भाचीच्या मामानं साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा बॉक्स आणलेला तर ती फ्रिजमधनं जाता-येता अर्धा अर्धा पेढा तोडत होती. म्हटलं दोन खायचेत? बस, दोन खा, संपव, चूळ भर. अर्ध्या अर्ध्यानं चार वेळा खाण्यापेक्षा ते परवडलं.

लिंबू सरबत, कोकम, कोल्ड्रिंक असलं आंबट काही प्यायलं की लगेच ब्रश करायचा नाही, ॲसिडनं कवच जरा मऊ झालेलं असतं आणि ब्रशानं झिजतं. साध्या पाण्यानं चूळ भरा, अर्ध्या तासानं ब्रश.

हळदीचं वेगळं सांगावं लागतं. पारदर्शक किंवा पांढरं रबर घेतलं की पहिल्याच पिठल्याला ते पिवळं होणार, सांगलीची हळद आहे, २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, ती काय तुमच्या रबराला सोडणार होय. घासून जात नाही, घासत बसू नका, घाण नाही ती, रंग आहे. दर चार-सहा आठवड्यांनी तार बघायला जाल तेव्हा रबरं बदलतातच. निळा, जांभळा, काळपट असे रंग घ्या. भाची पुढच्या वेळी पांढरं घेते म्हणत होती, मी म्हटलं पिवळंच घे, वाट कशाला बघतीयास.

तार आवळून आल्यावर दोन-तीन दिवस दात ठणकतात. मिरजेत तंबोऱ्याची खुंटी पिळून तार चढवतात ना, तसं वाटतं, फक्त तंबोरा आपण. ह्या दिवसांत घासायचं टाळलं जातं आणि नेमकं मऊ भात, खिमटी, गोड दूध-बिस्कीट असलं खाणं चालू असतं, म्हणजे चिकटायला सगळं तयार. ब्रश कोमट पाण्यात बुडवून मऊ करा आणि हळू करा, पण करा. गालाला आतनं घासून तोंड आलं तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, आणि जे टोचतंय त्याच्यावर मेण. मेण लावताना ती जागा आधी टिश्यूनं कोरडी करा नाहीतर चिकटत नाही आणि मेण भाजीबरोबर पोटात जातं, गेलं तर काही होत नाही म्हणा. ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी करून दाबायची. ब्रश करायच्या आधी काढून टाकायची, झाल्यावर नवीन. मागची तार गालात घुसत असेल तर पेन्सिलच्या स्वच्छ खोडरबरानं हळूच आत वळवा, वर मेण, आणि डॉक्टरांना फोन. ब्रॅकेट सुटून तारेवर फिरत असेल तर ओढून काढू नका, फोन करून सांगा, कारण सुटलेल्या ब्रॅकेटखाली पण अन्न बसतं.

घरातल्यांचे सल्ले पण येणारच. आमची आजी मिश्री लावायची, पायरीवर बसून अर्धा तास, आणि मला म्हणायची "बग माझं दात, एक न्हाई पडला". पडले होते, चार. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, ती हिरडी खाते आणि तोंडाचा कॅन्सर करते, त्यात दातांचं काहीच भलं नाही, क्लिपा असोत नसोत. राखुंडी, मीठ-कोळसा, खरखरीत मंजन ह्याचे कण तर ब्रॅकेटभोवती अडकूनच बसतात. आणि दुसरा सल्ला, "क्लिनिंग करू नको, दात हलतात". कीटण निघालं की दातामधल्या फटी मोकळ्या दिसतात आणि जीभेला वेगळं लागतं म्हणून लोकांना तसं वाटतं. दगडासारखं झालेलं कीटण घरच्या ब्रशानं निघतच नाही, ते डॉक्टरांनीच काढायचं, मी चार-पाच महिन्यांतनं एकदा करून घ्यायचे, तार बदलायच्या दिवशीच. दात थोडे हलल्यासारखे वाटणं हे क्लिपांमध्ये होतंच, ते सरकतायत म्हणून. पैशाचा प्रश्न असेल तर सांगलीत डेंटल कॉलेजं आहेत, तिथं वेळ जास्त जातो पण खर्च कमी येतो.

दप्तरात, पर्समध्ये एक छोटी पाऊच ठेवा, त्यात पिल्लू ब्रश, मेण आणि हातात मावेल असा आरसा. दुपारी डबा खाल्ला की नळावर जाऊन चूळ आणि दीड मिनिट तो ब्रश. पेस्ट नको, फेस नको, कुणाला कळत पण नाही. पहिले चार दिवस ऑफिसात लाज वाटली, पाचव्या दिवशी आमच्या इथल्या हमालमामांनी विचारलं "ताई, ते काय हाय? मला पण आणा, दाताच्या फटीत लई अडकतंय". आणून दिलं. वॉटर फ्लॉसर म्हणून पाण्याची पिचकारी मिळते, घेतलीत तर चांगली आहे, अडकलेलं उडवते, पण चिकटलेला थर ब्रशानंच निघतो.

पारदर्शक अलायनरवाल्यांचं, म्हणजे तारेऐवजी काढता-घालता येणारा प्लास्टिकचा साचा वापरणाऱ्यांचं, सोपं आहे, खाताना काढायचा, ब्रश करून परत घालायचा, साध्या पाण्यानं धुवायचा. गोड खाऊन तसाच वर चढवला तर मात्र दात साखरेच्या पाकात घालून झाकण लावल्यासारखं.

क्लिपा निघाल्या की रिटेनर देतात, सरळ झालेले दात परत सरकू नयेत म्हणून घालायचा साचा. तो गार पाण्यात मऊ ब्रशानं धुवायचा, गरम पाण्यात घातला की प्लास्टिक वाकडं होतं आणि मग बसत नाही. आणि डबीतच ठेवायचा. मिरजेत एका लग्नात मी जेवताना काढून कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला, बोलता बोलता उठले, वाढप्यानं पत्रावळ्यांबरोबर तो रुमाल पण उचलला. पैठणी नेसून कचऱ्याच्या ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून शोधत होते मी, नवरीची मावशी शेजारी टॉर्च धरून उभी. नाही सापडला, नवा करावा लागला. डबी भडक रंगाची घ्या.